उद्योगाचा मार्गदर्शक : एक नवा पेशा आणि आपली मुले

शेतकऱ्याच्या मुलाने शिकून पुढे काय करावे, या प्रश्नाची ठरावीक उत्तरे आपल्या समाजात फार दिवस चालत आली आहेत. सरकारी नोकरी, वकिली, डॉक्टरी, मास्तरकी. आणि यांपैकी काहीच न साधले तर घरची शेती. या यादीत अलीकडे आणखी एका पेशाची भर पडली आहे. त्यास इंग्रजीत 'बिझनेस कोच' म्हणतात. आम्ही त्यास उद्योगाचा मार्गदर्शक म्हणू. स्वतः एखादा उद्योग उभारावयाचा, तो काही वर्षे चालवून त्यातले खाचखळगे ओळखावयाचे, आणि मग त्या अनुभवाच्या बळावर दुसऱ्या उद्योगांच्या चालकांस त्यांच्या कामात साह्य करून त्यावर आपला चरितार्थ चालवावयाचा, असे या पेशाचे स्वरूप आहे. पुण्यामुंबईस हा पेशा रुळला आहेच. आता तालुक्याच्या गावीही त्याचे फलक दिसू लागले आहेत.

याविषयी शेतकरी वर्गात दोन टोकांची मते ऐकू येतात. कोणी म्हणतो, ही सारी बोलघेवड्यांची दुकानदारी आहे. ज्याला स्वतःला धंदा जमला नाही तो दुसऱ्यास शिकवावयास निघतो. दुसरा कोणी अशा एखाद्या गुरूच्या तीन दिवसांच्या शिबिरास सोसायटीचे कर्ज काढून जातो आणि परत आल्यावर गावास उद्योजकतेचे धडे देऊ लागतो. आमच्या मते हे दोघेही चुकतात. पेशा खरा आहे, त्याची आपणास गरजही आहे. परंतु तो तीन दिवसांत येणारा नाही. ही गोष्ट आज नीट समजून घेणे आपणास का अगत्याचे आहे, ते प्रथम सांगतो.

२००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन शेतकरी उत्पादक कंपनीस कायद्याचे रूप मिळाले. दहा किंवा अधिक उत्पादकांनी एकत्र यावे, पाच ते पंधरा संचालक निवडावेत, भाग कितीही असले तरी मत एकच असावे, ही तिची मुख्य कलमे वाचकांस ठाऊकच आहेत. पुढे २०२० साली केंद्र सरकारने अशा दहा हजार संस्था उभ्या करण्याची योजना काढली आणि तिला ६,८६५ कोटी रुपयांची तरतूद केली. प्रत्येक संस्थेस व्यवस्थापनाच्या खर्चासाठी तीन वर्षांत मिळून १८ लाख रुपयांपर्यंत साह्य, आणि हात धरून चालविण्यासाठी पाच वर्षे एक साह्यकारी संस्था, अशी तिची रचना आहे. दहा हजारांचा आकडा २०२५ च्या फेब्रुवारीत पूर्णही झाला.

संस्था झाल्या, हे चांगलेच झाले. पण नोंदणी म्हणजे उद्योग नव्हे. तीन वर्षांचे साह्य सरले, साह्यकारी संस्थेचे माणूस येईनासे झाले, म्हणजे कंपनीच्या कचेरीत उरतात ते पाच-दहा शेतकरी संचालक आणि एक पगारी मुख्य कार्यकारी अधिकारी. कायद्याप्रमाणे हा अधिकारी पूर्ण वेळचा असला पाहिजे, आणि तो सभासदांपैकी असता कामा नये. म्हणजे बहुधा तो पंचविशी-तिशीतला, शेतकी पदवी घेतलेला, बाहेरचा तरुण असतो. त्यास पीक समजते. पण बँकेशी बोलणी, खेळत्या भांडवलाचा मेळ, व्यापाऱ्याशी करार, नोकरांची कामे आणि संचालक मंडळातील रुसवेफुगवे हे त्यास कोणी शिकविलेले नसते. संचालकांनीही आयुष्यभर आपापल्या शेताचा कारभार केलेला. चारशे लोकांच्या पैशाचा कारभार त्यांनाही नवा. अशा वेळी विचारावे कोणास? बी-बियाण्याच्या कंपनीचा प्रतिनिधी सल्ला देतो, पण त्यास माल खपवावयाचा असतो. अडत्या सल्ला देतो, त्यास माल घ्यावयाचा असतो. हिशेबनीस वर्षअखेरीस येतो, आणि तोवर व्हावयाचे ते होऊन गेलेले असते.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका कंपनीने ५०० क्विंटल तूर ७,००० रुपये भावाने घेतली. भांडवल लागले ३५ लाख, आणि ते सालीना शेकडा १२ व्याजाने काढलेले. तीन महिने वखारीत ठेवून ती ७,३०० ने विकली. संचालकांच्या सभेत क्विंटलमागे ३०० म्हणजे दीड लाख नफा झाला असे सांगण्यात आले आणि टाळ्याही पडल्या. आता कागद घेऊन बसा. शेकडा एक सूट धरली तर विकावयास उरली ४९५ क्विंटल. तिचे आले ३६,१३,५०० रुपये. म्हणजे खरी वाढ १,१३,५०० ची. त्यातून तीन महिन्यांचे व्याज १,०५,००० वजा जाता उरले ८,५०० रुपये. आणि बारदान, हमाली, वखारीचे भाडे अजून काढावयाचेच आहे. हीच तूर महिन्याभरात अवघ्या ७,२०० ने गेली असती आणि तेवढ्यात सूट पडली नसती, तर एक लाखातून ३५,००० व्याज जाऊन ६५,००० रुपये हाती राहिले असते.

चांगला मार्गदर्शक या ठिकाणी 'तूर लवकर विका' असे सांगत नाही. भाव पुढे काय होईल हे त्यालाही ठाऊक नसते. तो त्या तरुण अधिकाऱ्यास एवढेच विचारतो : "या तुरीचे व्याज आपल्या वहीत कोठे लिहिले आहे?" तो प्रश्न एकदा मनात रुजला म्हणजे पुढील हंगामात तो अधिकारी स्वतःच तो विचारू लागतो, आणि मग मार्गदर्शकाची त्या बाबीपुरती गरज उरत नाही. सल्लागार उत्तर देऊन जातो, मार्गदर्शक विचार करण्याची सवय लावून जातो. दोहोंतला हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा.

'कोच' या शब्दाचा उगमही येथे बोधप्रद आहे. हंगेरी देशात कोच नावाचे एक खेडे आहे. तेथे पंधराव्या शतकात एक चांगली गाडी बनत असे, आणि त्या गावाच्या नावावरून युरोपातील भाषांत गाडीस तो शब्द पडला. आपल्याकडचा कोचवान त्याच घराण्यातला. पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातील विद्यार्थी, परीक्षेच्या पलीकडच्या तीरास पोहोचविणाऱ्या शिक्षकास थट्टेने 'कोच' म्हणू लागले. गाडी उतारूस नेते; पण कोठे जावयाचे ते उतारूने ठरवावयाचे असते. जो मार्गदर्शक उतारूचे गावच बदलू पाहतो, तो आपला धर्म सोडतो.

हा पेशा परका आहे, शहरी आहे, असा एक आक्षेप येतो. नाव परके असेल. काम परके नाही. प्रवरेच्या काठी लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा करण्याचे मनावर घेतले, तेव्हा त्यांच्या पाठीशी धनंजयराव गाडगीळ उभे राहिले. गाडगीळ हे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे १९३० पासूनचे संचालक; विद्वान माणूस, कारखानदार नव्हे. पण त्यांनी पुण्यास बसून उंटावरून शेळ्या हाकल्या नाहीत. कारखान्याचे पहिले अध्यक्षपद त्यांनी स्वतः पत्करले, जबाबदारीच्या खुर्चीत बसून कारभाराची शिस्त घालून दिली, आणि कारखाना शेतकऱ्यांच्या हाती राहील असे पाहिले. विठ्ठलरावांचे शालेय शिक्षण बेताचे होते. पण पुढे अध्यक्षपद सांभाळण्यास ते पुरेपूर समर्थ ठरले. पदवीधर आणि शेतकरी यांची अशी जोडी जमते, तेव्हा काय घडते याचे हे घरचेच उदाहरण आहे.

शेजारच्या गुजरातेतही हेच दिसते. खेडा जिल्ह्याचा दूध उत्पादक संघ १९४६ साली स्थापन झाला; त्याचे अध्यक्ष त्रिभुवनदास पटेल. १९४९ साली सरकारी नोकरीनिमित्त आणंदला आलेले अभियंते वर्गीज कुरियन यांस त्यांनी संघाच्या कामात ओढले आणि टिकविले. शेतकऱ्यांचा विश्वास राखणे हे अध्यक्षाचे काम, कारभार चालविणे हे व्यवस्थापकाचे, आणि एकाने दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करावयाची नाही, ही वाटणी त्यांनी पाळली. आज ज्या उत्पादक कंपन्या अडखळताना दिसतात, त्यांत ही वाटणीच झालेली नसते. ती करून देणे हे मार्गदर्शकाचे पहिले काम होय.

आता या पेशातील एका परदेशी गृहस्थाची हकिकत सांगतो; कारण ज्या तरुणांस हा मार्ग धरावयाचा आहे त्यांस ती उपयोगी पडेल. बिल कॅम्पबेल यांचा जन्म १९४० साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतात होमस्टेड या पोलादाच्या गावी झाला. प्रारंभी ते कोलंबिया विद्यापीठात फुटबॉलचे शिक्षक होते. १९७४ ते १९७९ या काळात त्यांच्या संघाने १२ सामने जिंकले आणि ४१ गमावले. एवढ्यावर कोणी त्यांस यशस्वी म्हटले नसते. त्यानंतर चाळिशीच्या सुमारास ते धंद्यात शिरले. जाहिरातीची कंपनी, मग कोडॅक, मग १९८३ साली ॲपल. पुढे 'गो' नावाच्या एका नव्या कंपनीचे ते प्रमुख झाले. ती कंपनी चालली नाही. त्यानंतर १९९४ पासून १९९८ पर्यंत हिशेबाच्या संगणक-प्रणाली करणाऱ्या इन्ट्युइट कंपनीचे ते मुख्य अधिकारी होते. इतके सारे झाल्यावर ते इतरांचे मार्गदर्शक म्हणून नावारूपास आले. गूगलचे प्रमुख एरिक श्मिट यांस प्रथम आपणास अशा माणसाची गरजच काय असे वाटले होते. पुढे त्याच श्मिट यांनी दोघा सहकाऱ्यांसह त्यांच्या शिकवणुकीवर पुस्तक लिहिले. कॅम्पबेल २०१६ साली वारले.

या हकिकतीत तीन गोष्टी टिपण्यासारख्या आहेत. एक, त्यांनी आधी पगार वाटला, माल विकला, अपयश सोसले. आणि मग इतरांस शिकविले. दुसरी, ते यंत्रविद्येचे पंडित नव्हते. ते माणसे ओळखत आणि मंडळी एकदिलाने कशी चालावी हे जाणत. तिसरी, मार्गदर्शक झाले तेव्हा त्यांना द्रव्याची चिंता उरली नव्हती, म्हणून खरे बोलण्यास त्यांस भीती नव्हती. ही तिसरी गोष्ट आपल्या तरुणास लागलीच साधणारी नाही. म्हणूनच त्याने आपला स्वतःचा धंदा किंवा शेती अगदी सोडू नये, असे आम्ही सुचवितो. ज्याची चूल एकाच अशिलाच्या शुल्कावर पेटते, त्याच्या तोंडून त्या अशिलास कडू सत्य निघणे कठीण.

मग या पेशाची उभारणी करावी तरी कशी? आमच्या मते तिचा क्रम शेतीसारखाच आहे. मशागतीवाचून पेरणी नाही.

प्रथम, निदान आठ-दहा वर्षे एक उद्योग स्वतः करावा. तो लहान असला तरी चालेल : डाळ मिल, रोपवाटिका, दूध संकलन, अवजारांची भाडेपट्टी, काहीही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावास सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली. १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी लोकांची समजूत होती, आणि पहिला नांगर खपावयास दोन वर्षे गेली असे सांगतात. ही दोन वर्षे ज्याने काढली आहेत, तोच दुसऱ्या उद्योजकास धीर धरावयास सांगू शकतो. ज्याचे जळते त्याला कळते.

दुसरे, किर्द, खतावणी, नफा-तोटा पत्रक आणि ताळेबंद वाचता आला पाहिजे. जो ताळेबंद वाचू शकत नाही त्याने उद्योजकास मार्ग दाखवू नये. त्याने कीर्तन करावे, तेही मोठेच काम आहे.

तिसरे, ऐकण्याची विद्या शिकावी. ही विद्या शिकविणारे अभ्यासक्रम आज आहेत. १९९५ साली अमेरिकेत स्थापन झालेला कोचिंगचा आंतरराष्ट्रीय महासंघ आपल्या प्रमाणपत्राच्या तीन पायऱ्यांसाठी अनुक्रमे १००, ५०० आणि २,५०० तासांच्या प्रत्यक्ष कामाचा अनुभव मागतो. तीन दिवसांच्या शिबिरातून गुरू होऊन येणाऱ्यांनी हे आकडे एकवार पाहावेत. प्रमाणपत्राने शहाणपण येते असे आम्ही म्हणत नाही. पण तासांची ही मोजदाद पेशाचे वजन दाखविते.

चौथे, प्रारंभी दोन-तीन अशीलच घ्यावेत आणि ते आपल्या माहितीच्या धंद्यातले घ्यावेत. करार लेखी असावा : किती महिने, किती भेटी, शुल्क किती, आणि कशावरून काम झाले असे समजावयाचे. एकाच्या घरची गोष्ट दुसऱ्याच्या कानी जाता कामा नये. आणि बियाणे, खत, यंत्र, विमा किंवा कर्ज यांपैकी कशावरही दलाली घेऊ नये. ज्या दिवशी मार्गदर्शक दलाली घेतो, त्या दिवशी तो अडत्या होतो. अडत्या होणे वाईट नाही, पण मग तसा फलक लावावा.

आता जे विकत घेणार, त्यांच्यासाठी दोन शब्द. वकिलास वा डॉक्टरास जशी कायद्याची सनद लागते तशी आपल्या देशात या पेशास लागत नाही. फलक कोणीही लावू शकतो. म्हणून परीक्षा आपणच करावयाची. दिवे आणि वाद्ये लावून भरविलेल्या सभागृहात, अमुक महिन्यांत उत्पन्न दसपट असे जो सांगतो, तो 'पी हळद नि हो गोरी' या पंथातला समजावा. ज्याने स्वतः कोणता धंदा केला हे तो सांगत नाही, जुन्या अशिलांस भेटू देत नाही, वह्या मागत नाही, पण पुढच्या महागड्या वर्गाचे शुल्क मात्र आजच मागतो, त्यास दुरून नमस्कार करावा. उलट जो पहिल्या भेटीत अधिक ऐकतो आणि कमी बोलतो, गेल्या तीन वर्षांचे ताळेबंद मागतो, आणि 'हे माझे काम नव्हे' असे म्हणण्याचे धैर्य दाखवितो, त्याच्याशी बोलणे पुढे न्यावे.

कोणी म्हणेल, आमची कंपनी लहान. मुख्य अधिकाऱ्याचा पगार देताना जीव मेटाकुटीस येतो, तेथे मार्गदर्शकाचे शुल्क कोठून आणावे? प्रश्न रास्त आहे. त्यावर आमची सूचना अशी : एकट्या कंपनीने हा भार घेऊ नये. एका तालुक्यातील वा शेजारच्या दोन तालुक्यांतील पाच-सहा कंपन्यांनी मिळून एक मार्गदर्शक ठेवावा. त्याने महिन्यातून एक दिवस प्रत्येक कंपनीत बसावे, आणि तीन महिन्यांतून एकदा साऱ्या मुख्य अधिकाऱ्यांस एकत्र बसवावे. एकट्या पडलेल्या तरुण अधिकाऱ्यास आपल्यासारखे आणखी पाच जण भेटले, तर निम्मे काम तेथेच होते. वर दिलेल्या तुरीच्या एका व्यवहारात जे ५६,५०० रुपये नाहीसे झाले, तेवढ्यात अशा वाटणीचा एका कंपनीचा वर्षाचा हिस्सा निघू शकेल असा आमचा अदमास आहे. शुल्क मात्र कंपनीच्या उत्पन्नातूनच द्यावे, अनुदानातून नव्हे. फुकट मिळालेला सल्ला कोणी पाळत नाही, आणि अनुदानावर आलेला माणूस अनुदानाबरोबरच जातो.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे. मुले अशा पेशांत शिरू लागली तर जमीन कोण कसणार, असे वडील मंडळी विचारतात. त्यांची तळमळ आम्ही ओळखतो. परंतु आम्ही ज्या पेशाची शिफारस करीत आहो तो जमिनीपासून दूर नेणारा नव्हे. ज्या मुलाने वा मुलीने आपल्याच शिवारातील मालाचा उद्योग केला, तालुक्यातच राहून पाच कंपन्या सावरल्या, ते मूल गावास मुकले नाही. उलट आज जी विद्या पुण्यामुंबईहून भाड्याने आणावी लागते, ती आपल्या भाषेत, आपल्या हवापाण्याची आणि आपल्या माणसांच्या स्वभावाची जाण असलेल्या घरच्या माणसाकडून मिळू लागेल. मुलींचा येथे आम्ही मुद्दाम उल्लेख करतो. बचत गटांच्या हिशेबांत मुरलेल्या कित्येक जणी या कामास आजच्या घटकेस लायक आहेत. त्यांच्या नावाचा फलक लागण्याचाच काय तो अवकाश.

आपल्या संघाकडे आमचे एवढेच मागणे आहे. संघाने आपल्या टापूतील, किमान आठ वर्षे स्वतः उद्योग केलेल्या आणि मार्गदर्शन करण्यास तयार असलेल्या स्त्रीपुरुषांची एक यादी ठेवावी; त्यांच्यासाठी वर सांगितलेल्या अटींचा एक नमुना करार तयार करावा; आणि एका तालुक्यात एक वर्ष हा प्रयोग करून त्याचा जमाखर्च, यशापयशासह, याच मासिकात छापावा. नफा झाला तर इतर तालुके आपोआप पुढे येतील. न झाला तर का झाला नाही हे तरी सर्वांस कळेल.

उत्पादक कंपन्या उभारण्यास सरकारने पैसा दिला; शहाणपण देणे सरकारच्या हाती नाही. ते पिकवावे लागते, आणि त्याची पेरणी करण्याचा हंगाम अनुदान सरण्याच्या आधीचा आहे, नंतरचा नव्हे. ज्या कंपन्यांची तीन वर्षे यंदा वा पुढील वर्षी भरत आहेत, त्यांच्या संचालकांनी येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा एक विषय घ्यावा, अशी आमची त्यांस आग्रहाची विनंती आहे.